ऐरणीला दोघं लागतात

६ जानेवारी २०२५, सोमवार

तलवार ओतली! साच्यात लालभडक पाणी ओतलं, दोन सेकंद धूर, आणि उपसली तलवार बाहेर — चकचकीत, वर निळा जाळ. आणि टेबलाभोवती बसलेली ती सगळी पोरं मला विचारतात, ‘काका, कशी वाटली?’

मी म्हणालो, जिलेबी छान झालीय.

कुणी हसलं नाही. धनेशनं खाली मान घातली.

आमचा धनेश तळवड्याच्या त्या ऑफिसात गेम तपासायचं काम करतो. म्हणजे दिवसभर गेम खेळतो आणि चुका काढतो. आता त्यांच्या नव्या गेममध्ये राक्षस आहेत, ड्रॅगन आहेत, किल्ले आहेत, आणि एक गाव आहे. त्या गावात खेळणाऱ्याला लोहारकाम शिकून स्वतःची हत्यारं घडवता येतात. परदेशातल्या गिऱ्हाइकानं म्हणे कळवलं, तुमचा लोहार खोटा वाटतो. तेव्हा कुठं पोराला आठवलं की आपला बाप लोहार आहे! ‘बाबा, सात-आठ वेळा यायचं आणि नुसतं सांगायचं.’

नुसतं!

ओतलेल्या लोखंडाची तलवार पहिल्या घावाला तडकेल. हे आमच्या गेवराईकडचं कुठलंही पोर सांगेल. तलवार काय आणि विळा काय, तापवून ठोकून लांबवावा लागतो. एवढी शिकलेली माणसं, एसीत बसून तीन महिने हे करत होती? माझी तर तळपायाची आग मस्तकात गेली. अंजली म्हणून एक पोरगी आहे, लोहारकामाचे नियम तीच लिहिते. तिनं मात्र वही काढून सगळं उतरवून घेतलं. बाकीचे मोबाइल बघत होते.

७ जानेवारी, मंगळवार

आज लेव्हलचं नाटक.

खेळणारा आधी शिकाऊ असतो. लोहारकाम एक. एक खंजीर केला की दोन. असं करत पाचशे खंजीर केले की शंभर, मग तो उस्ताद! पाचशे एकसारखे खंजीर, एकच बटण दाबत. मी म्हणालो, हा कुठला उस्ताद? शेखर म्हणजे त्यांचा साहेब. पस्तिशीचा, ऋषीसारखी दाढी. तो म्हणतो, ‘काका, खेळणाऱ्याला मेहनत केल्यासारखं वाटलं पाहिजे.’

पाचशे सारखे नग काढून माणूस लोहार होत नाही, ऑपरेटर होतो. मला विचारा! चाकणच्या कंपनीत पंचवीस वर्षं हॅमरच्या मशीनवर काढली. क्रँकशाफ्ट, क्रँकशाफ्ट, क्रँकशाफ्ट. डावा कान गेला त्यात. पहिल्या दिवशी जेवढं येत होतं तेवढंच रिटायर झालो त्या दिवशी येत होतं. उलट थोडं विसरलोच.

गावाकडं आमच्या भट्टीवर दोन कामं सारखी नसायची. डावखुरी बाई असेल तर विळा उलटा वळवायचा. म्हाताऱ्याला कुऱ्हाड हलकी लागते. काळ्या रानाचा फाळ वेगळा, मुरमाड रानाचा वेगळा. माणूस भट्टीसमोर बसला की आधी त्याचा हात बघायचा, मग लोखंड भट्टीत घालायचं. हे सांगताना माझा आवाज चढला असणार. पलीकडच्या खोलीतले दोघं डोकावून गेले.

अंजली म्हणाली, ‘म्हणजे काका, नग मोजायचे नाहीत. किती वेगवेगळ्या हातांसाठी हत्यार केलं ते मोजायचं?’

पोरगी हुशार आहे. राग गेला नाही, पण चहा घेतला.

८ जानेवारी, बुधवार

फोमचा घण!!

अंगाला काळे पट्टे बांधले. दंडाला, मनगटाला, कमरेला, गुडघ्याला. प्रत्येक पट्ट्यावर एक डबी. आपण हललो की कॉम्प्युटरमधला माणूस तसाच हलतो. बरं. हेही सोसलं. मग हातात काय दिलं? फोमचा हातोडा! समोर फोमची ऐरण! ‘काका, मारा.’

काय मारू? हाताला वजन नसलं की खांदा खोटं बोलतो. दोन मिनिटं मारला, मग कॉम्प्युटरवर बघितलं तर मी माशा हाकत होतो. मी म्हणालो, हा लोहार नाही, हलवाई आहे. पट्टे काढून टेबलावर ठेवले. धनेश हळूच म्हणतो, ‘बाबा, इथं असं बोलत नाहीत.’ इथं असं बोलत नाहीत! हॅमर शॉपमध्ये बोललेलं ऐकू येत नव्हतं, इथं बोलायचं नाही. मग मी बोलायचं कुठं?

आणि मुख्य गोष्ट तर पुढंच. त्यांचा लोहार एकटा आहे. तलवारीएवढं काम आणि एकटा! मी शेखरला समोर बसवून सांगितलं. ऐरणीला दोघं लागतात. एकानं सांडशीत लोखंड धरायचं आणि दुसऱ्या हातातल्या लहान हातोडीनं दाखवायचं — इथं, आता इथं. दुसऱ्यानं घण घालायचा, बरोबर तिथंच. तोंडानं एक शब्द नाही, सगळं हातोडी बोलते. आणि हातोडी रिकाम्या ऐरणीवर वाजली, टिंग टिंग, की घण थांबला.

आता गंमत बघा. त्यांचा तो एकटा लोहारसुद्धा मध्येच रिकाम्या ऐरणीवर टिंग टिंग करतो! का रे बाबा? तर म्हणे, ‘व्हिडिओत बघितलं, छान दिसलं म्हणून ठेवलं.’ म्हणजे एकटा माणूस स्वतःलाच थांब म्हणतोय, आणि थांबत नाही. खुळा आहे का तो?

शेखर म्हणाला, ‘दुसरं माणूस घातलं की काम वाढतं, काका. बघू.’

बघू म्हणजे नाही. पंचवीस वर्षं साहेबलोकांचं ‘बघू’ ऐकलंय मी.

१० जानेवारी, शुक्रवार

भांडलो. सरळ भांडलो. शेखर शेवटी म्हणाला, २४ तारखेला गिऱ्हाइकाला दाखवायचं आहे. त्याच्या तीन दिवस आधी मला दोन माणसांचं काम खऱ्या लोखंडावर, खऱ्या तालात दाखवा. जमलं तर गेममध्ये दोघं राहतील. नाही जमलं तर एकटा लोहार, आणि पुन्हा हा विषय नाही.

मी म्हणालो, फोम चालणार नाही. तळवड्यातच एका फॅब्रिकेशनवाल्याचं शेड आहे, तिथं भट्टी पेटवता येईल. ऐरण आमची. मोशीला बिल्डिंगच्या जिन्याखाली पडलीय, चेअरमन रोज कुरकुरतो. पट्ट्यांच्या डब्या तिथंही चालतात म्हणे.

मला हे एवढं का लागलंय? आजच धनेशनं विचारलं. ‘बाबा, शेवटी गेमच आहे ना.’ गेमच आहे! गावातली आमची भट्टी मोडली, तिथं आता मोबाइलचं दुकान आहे. धनेशला सांडशी कुठल्या हातात धरतात ते ठाऊक नाही. माझ्यामागं आमच्या घरातलं हे काम जगात कुठं राहणार असेल तर ह्याच फालतू गेममध्ये. मग ते खरं तरी राहू दे! मी असं धनेशला बोललो नाही. इथं लिहितोय.

अंजलीनं विचारलं, ‘काका, तुमच्यासमोर घण कोण मारायचं?’

सगळे बघत होते. धनेशही.

मी म्हणालो, माझा भाऊ. वारला तो.

खोटं बोललो. घण मंजुळा मारायची. लग्न झालं त्या वर्षापासून, अकरा वर्षं. आमच्यात घरची बाईच घण मारते, त्यात काही नवल नाही. पण ९८ साली इथं आलो, संत तुकाराम नगरात खोली घेतली, आणि एकदा शेजारीण बोलली, ‘रस्त्याकडेला पाल टाकून घण मारतात त्या बायका बघितल्या का? बाई म्हणायचं का त्यांना?’ त्या दिवशी मीच मंजुळाला सांगितलं, इथं कुणाला काही बोलायचं नाही. ती बोलली नाही. धनेश तीन वर्षांचा होता. त्यालाही कधी सांगितलं नाही.

आता मेलेल्या भावाच्या हातात घण दिला. वा रे पठ्ठ्या.

१३ जानेवारी, सोमवार

भैरूला बोलावलं. चाकणजवळच्या गावचा माणूस, हॅमरवर वीस वर्षं माझा जोडीदार. फोनवर म्हणाला, ‘घणाचं काय घेऊन बसलाय चिमाजीराव, शेतातले धोंडे फोडतो मी!’

धोंडेच फोडले त्यानं. पहिला घाव सांडशीवर. दुसरा ऐरणीच्या कडेवर. तिसऱ्या घावाला लोखंड उडालं ते शेडवाल्याच्या स्कूटरखाली. मी ओरडलो, हातोडीकडं बघ की! तो उलटा माझ्यावर. ‘तू तिथं टिकटिक करतो, आन् मी बघू कुठं? तुझ्याकडं का लोखंडाकडं? मला पायाखाली पेडल दे, मंग बघ!’

खरंय त्याचं. पेडल दाबलं की हॅमर पडायचा. आम्हा दोघांना वीस वर्षांत एकमेकांचा ताल कधी लागलाच नाही, कारण ताल मशीनचा होता. चूक त्याची नाही, पण राग त्याच्यावरच काढला.

जाताना घाम पुसत म्हणाला, ‘राव, ह्ये जोडीदाराचं काम न्हाई. ह्ये नवराबायकोचं काम हाय.’ आणि खदाखदा हसला. त्याला काही माहीत नाही. मला हसू आलं नाही.

१४ जानेवारी, मंगळवार

संक्रांत. गोड बोला म्हणे. शेखरचा मेसेज आला — तिळगूळ घ्या, घणवाल्याचं काय झालं? चार लाडू खाल्ले, एकदाही गोड बोललो नाही.

१६ जानेवारी, गुरुवार

शेखरनं नवीन शक्कल काढली. घणवाला मिळत नसेल तर दुसरं माणूस नकोच. बैलाच्या तोंडाचा एक राक्षस घालू! आठ फुटी. तो एका हातानं घण फिरवेल, ते ऑफिसातच मनानं काढता येईल. चित्र काढून दाखवलं. राक्षसाच्या नाकात वेसण!

मी म्हणालो, ह्याला हातोडीचं कळेल का? घण जोरानं मारायचा नसतो, नेमानं मारायचा असतो. शेखर हसून म्हणाला, ‘काका, राक्षस आहे तो.’ मी पिशवी उचलली आणि बसनं घरी आलो. पीएमपीत उभा राहून मोशीपर्यंत मनातल्या मनात शिव्या घातल्या.

जेवताना धनेश आईला सांगायला लागला. बाबांचं घोडं कुठं अडलंय, घण मारायला माणूसच मिळत नाही, ‘काका असते तर झालं असतं. बाबांबरोबर तेच मारायचे ना घण.’

मंजुळा भाकरी थापत होती. थापायची थांबली. माझ्याकडं बघितलं. पुन्हा थापायला लागली.

धनेश हात धुवून आत गेल्यावर म्हणाली, ‘तुमचा भाऊ? त्यो तर भाता वढायला उठत नव्हता. पिऊन पडायचा भिताडाला. आन् आता मेल्यावर घण मारायलाय व्हय?’

मी म्हणालो, लोक काय म्हणतील म्हणून बोललो.

‘कोन लोक?’

मी ताटातली भाकरी मोडत बसलो.

‘ती शेजारीन कवाच खोली इकून गेली. सत्तावीस वरसं झाली. आजून तिलाच भिऊन ऱ्हायलाव का?’

मग मला राग आला. खोटं सापडलं की येतो तसला. म्हणालो, गप भाकरी कर. ती म्हणाली, ‘झाल्यात भाकरी.’ आणि तवा खाली आपटला.

१७ जानेवारी, शुक्रवार

ती म्हणते मी येते!

मी म्हणालो, नाही. वय सत्तावन्न. त्या पोरांसमोर अंगाला पट्टे बांधून घेणार? कॉम्प्युटरवर सगळे बघणार? आणि हातून झालं नाही तर? तिथं मी तोंड घेऊन बसलोय दहा दिवस, ऐरणीला दोघं लागतात म्हणून.

‘दोघं लागतात म्हनलाव ना? मग दुसरं कोन?’

मी म्हणालो, मी बघतो काय करायचं ते.

‘मला इचारलं का?’

आणि तिनं धनेशला हाक मारली, माझ्यादेखत. सगळं सांगितलं. गावची भट्टी, अकरा वर्षं, शेजारीण, मी तोंड बंद ठेवायला सांगितलं तेही. पोरगं दारात उभं राहून ऐकत होतं. मला म्हणाला, ‘बाबा, तुम्ही सगळ्यांसमोर खोटं सांगितलं?’ मग आईचे हात हातात घेऊन बघायला लागला. तळव्यावरचे घट्टे. आजवर त्याला वाटायचं ते धुण्याभांड्याचे आहेत. त्याचे डोळे भरून आले.

माझ्यावर ओरडला असता तर परवडलं असतं. मी खाली जिन्याखाली जाऊन, शेडमधून परत आणलेल्या ऐरणीवर बसलो. चेअरमन आला आणि म्हणाला, ही कधी हलवताय? त्याला असा झापला की बिचारा लिफ्ट सोडून जिन्यानं वर गेला.

१८ जानेवारी, शनिवार

घरात कुणी बोलत नाही. कुकर तेवढा बोलतोय.

२१ जानेवारी, मंगळवार

आज शेडमध्ये झालं. नीट लिहितो. मी हो म्हणालोच नव्हतो, धनेशनंच शेखरला सांगून टाकलं की घण आई मारणार, अकरा वर्षं तीच मारायची.

मंजुळानं साडीवर माझा जुना कंपनीचा शर्ट चढवला, पदर कमरेला खोचला. शर्टावरून अंजलीनं पट्टे बांधले. शेखर, धनेश आणि दोन-तीन पोरं लॅपटॉप घेऊन उभी. भैरूही आला होता, त्याला कुणी बोलावलं होतं देव जाणे.

तिनं घण उचलून बघितला. म्हणाली, ‘ह्यो दांडा कुनी बसवला? मिस्तरी हुता का शिंपी?’ मग दांडा जमिनीवर आपटून घण घट्ट बसवला, दांड्याला पाणी लावलं आणि पाय रोवून उभी राहिली.

मी लोखंड लाल करून ऐरणीवर आणलं. हातोडीनं दाखवलं. इथं.

घण आला. तिथंच.

पुन्हा दाखवलं. पुन्हा तिथंच! टिक — धाड, टिक — धाड. पाचव्या घावाला मी विचार करायचं सोडलं. लोखंड लांबत चाललं. सत्तावीस वर्षं मध्ये गेलीत असं हातांना कळतच नव्हतं. मी रिकाम्या ऐरणीवर वाजवलं, टिंग टिंग, आणि घण तिच्या खांद्यावर थांबला. अध्धर!

भैरू म्हणाला, ‘आयला!’

तीन ताव झाले. ताव म्हणजे लोखंड एकदा लाल करायचं आणि लाली जाईपर्यंत ठोकायचं. शेखर लॅपटॉपवरून मान वर काढून म्हणाला, ‘काका, दोघंच राहणार. राक्षस रद्द.’ मला आनंद व्हायला हवा होता. पण मी त्याला म्हणालो, हे मी पहिल्यापासून सांगत होतो!

चौथ्या तावाला एक घाव बाजूला पडला, बोटभर. माझ्या तोंडून जुन्या सवयीनं गेलं, ‘आंधळी झालीस का? कुठं लक्ष आहे तुझं?’ आणखीही एक शब्द गेला, तो इथं लिहीत नाही. लोखंड पुन्हा भट्टीत घातलं. पोरं चपापली. धनेशचं तोंड लाल झालं. मंजुळा घणावर टेकून उभी होती, तिला काहीच वाटलेलं दिसलं नाही.

मग अंजलीचा प्रश्न. गेममध्ये प्रत्येकाच्या पायाशी एक हिरवी पट्टी असते, दमाची. काम केलं की पट्टी कमी कमी होते. तिनं आता घणवालीलाही पट्टी दिलीय. विचारते, ‘लोहाराचा दम संपला तर तो ऐरणीवर वाजवून थांबवतो. घणवालीचा दम संपला तर ती कसं सांगते?’

मी म्हणालो, सांगत नाही.

‘मग लोहाराला कसं कळतं?’

‘कळायचं काय त्यात? लोखंड लाल आहे तोवर घाव. घणवाल्यानं आपल्या मनानं थांबायचं नसतं!’

‘पण काका, पट्टी रिकामी झाल्यावर काहीतरी दाखवायला लागेल ना. तिची काहीतरी खूण असेल.’

‘नाही खूण! नसते!’ मी सांडशी फेकली. बादलीला लागून पाणी सांडलं.

एवढं सोपं विचारलं होतं पोरीनं. मी का भडकलो ते कळत नाही. घरी येताना रिक्षात मंजुळा बाहेर बघत होती. मी विचारलं, खांदा दुखतो का? ‘न्हाई,’ म्हणाली.

२४ जानेवारी, शुक्रवार

गिऱ्हाइकाला आवडलं. धनेशनं फोन करून सांगितलं. लोहार आणि घणवाली पाहून तिकडची माणसं उभी राहिली म्हणे. गेमच्या शेवटी येणाऱ्या नावांच्या यादीत मंजुळाचं नाव माझ्याआधी घालणार आहेत. घाला. तिचंच पहिलं पाहिजे, मी आता कुणाला भीत नाही.

पण अंजलीनं संध्याकाळी ऑफिसात बोलावलं, एक शंका होती. तो चौथ्या तावाचा चुकलेला घाव. तिनं तो कॉम्प्युटरवर अगदी हळू करून दाखवला. घण वर गेला. खाली यायला लागला. आणि खाली येण्याच्या आधीच, वर असतानाच, मनगट फिरलेलं आहे. दोनदा दाखवलं, तीनदा दाखवलं.

‘काका, हा घाव चुकलेला नाही वाटत. काकूंनी मुद्दाम बाजूला टाकलाय.’

मी म्हणालो, तुमच्या डब्या बिघडल्यात. अकरा वर्षं मी तिच्या समोर बसलो, मला कळणार नाही आणि ह्या काळ्या डब्यांना कळणार? मुद्दाम घाव चुकवायला तिला वेड लागलंय का? ‘काढून टाका तो घाव,’ म्हणालो. ती ‘बरं’ म्हणाली.

बसमध्ये सगळ्या वाटेनं तेच मनगट दिसत होतं. काळ्या डब्या! आम्हाला शिकवतात!

२५ जानेवारी, शनिवार

सकाळी अंजलीला फोन केला. म्हणालो, तो घाव काढू नकोस. तीच खूण.

मंजुळाला चहा पिताना विचारलं होतं. तिनं बशीतून वर न बघता सांगितलं. ‘दम संपला की येक घाव बाजूला टाकायचा. तुमी शिव्या द्यायचाव आन् लोखंड परत भट्टीत घालायचाव. ते लाल व्हईस्तोवर उभं ऱ्हायला मिळायचं.’

किती वेळा, असं विचारलं.

‘रोज येक-दोनदा. धनेश पोटात हुता तवा दर तावाला.’

त्या साली मी गावभर सांगत फिरत होतो की हिचा नेम गेला.